पहाटेची गोळी आणि हुलग्याचे माडगे

2016 च्या हिवाळ्यात माझा आवाज बदलला. मी साताऱ्यात शाळेत मराठी शिकवते आणि कविता चालीवर म्हणून दाखवणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्या डिसेंबरमध्ये आवाज जाडसर आणि खरखरीत होऊ लागला, वरच्या पट्टीत गेला की फाटू लागला. थंडीने घसा धरला असेल, असे म्हणून मी ज्येष्ठमध चघळत राहिले. घरातली सगळी माणसे एका स्वेटरवर असताना मला दोन स्वेटर आणि पायमोजे लागत, विंचरताना कंगव्यात केसांचा पुंजका येई, चार-चार दिवस पोट साफ होत नसे आणि शाळेतून घरी आल्यावर हातातली पिशवी जागेवर ठेवण्याचेही त्राण उरत नसे. या सगळ्याचे मूळ एकच असेल, हे माझ्या ध्यानात आले नाही, कारण प्रत्येक तक्रारीसाठी माझ्यापाशी वेगळे कारण तयार होते: केस बोअरच्या पाण्यामुळे गळत होते, थकवा परीक्षांच्या कामामुळे होता आणि वजन चाळिशीमुळे वाढत होते.

शेवटी डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी मला खुर्चीवर गुडघ्यांवर बसवले आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडीने हलकेच ठोकले. पाऊल झटक्याने खाली गेले, पण परत जागेवर यायला त्याने जो वेळ घेतला तो पाहून, रक्ततपासणीची चिठ्ठी लिहिता लिहिताच त्यांनी ‘थायरॉईड’ हा शब्द उच्चारला. तपासणीत टी.एस.एच. 24 च्या पुढे निघाले. ते सर्वसाधारणपणे 0.4 ते 4 यांच्या आसपास असावे लागते. मानेच्या पुढच्या बाजूला असलेली अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉईड, जेव्हा पुरेसे संप्रेरक (हार्मोन) तयार करीत नाही, तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिला जागे करण्यासाठी टी.एस.एच. हे आपले संप्रेरक अधिकाधिक सोडू लागते, म्हणून हा आकडा वाढलेला दिसतो. आकडा मोठा आणि ग्रंथीचे काम कमी, असे हे उलटे गणित आहे. माझ्या रक्तात अवटू ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडेही (अँटीबॉडीज) बरीच वाढलेली होती. स्वतःच्याच ग्रंथीवर शरीर असा हल्ला करते, त्या विकाराला हाशिमोटो या जपानी शल्यविशारदाचे नाव आहे. त्यांनी 1912 मध्ये चार रुग्णांच्या अभ्यासातून त्याचे पहिले वर्णन केले. मला लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू झाली आणि ती बहुधा कायमची घ्यावी लागेल, असे सांगण्यात आले.

‘कायमची’ या शब्दाने मी हादरले, आणि पुढची चूक त्या हादऱ्यातून झाली. वर्षभर गोळी नीट घेतल्यावर, आकडे सुधारल्यावर, एका शिबिरात थायरॉईड मुळासकट बरा करणारे चूर्ण मिळते असे ऐकले आणि मी ते घेऊन आले. ‘गोळी बंद केल्याशिवाय चूर्ण लागू पडणार नाही,’ अशी विकणाऱ्याची अट होती. पुडीवर घटकद्रव्यांची यादीही नव्हती, आणि तेवढ्यावरूनच मी थांबायला हवे होते. पहिले तीन आठवडे मला अगदी बरे वाटले आणि चूर्णावरचा विश्वास दुणावला. त्यामागचे खरे कारण मला पुढे समजले: गोळीतून मिळालेल्या संप्रेरकाचा साठा शरीरात निम्मा व्हायलाच सुमारे 7 दिवस लागतात, म्हणजे गोळी बंद केल्यावरही पहिले काही आठवडे जे बरे वाटते ते आधी घेतलेल्या गोळ्यांच्या शिलकीवर. चौथ्या महिन्यात माझा चेहरा सुजला, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे उमटू लागले, नाडी मंद झाली आणि टी.एस.एच. 61 वर गेले. कोलेस्टेरॉलही त्याच्याबरोबर चढले होते.

त्या अवस्थेत मी एका वैद्यबाईंकडे गेले. मनात धाकधूक होती की त्याही चूर्णाचाच मार्ग धरतील. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, भुवयांचे बाहेरचे टोक विरळ झाले आहे का ते बोट फिरवून पाहिले, आणि मग नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा उचलल्यावर तिथे खळगा राहिला नाही. ‘ही पाण्याची सूज असती तर खळगा पडला असता,’ असे म्हणून त्यांनी माझे सगळे रिपोर्ट मागून घेतले, तारखेप्रमाणे लावले आणि पहिले वाक्य बोलल्या ते असे: ‘ताई, उद्या पहाटेपासून गोळी पुन्हा सुरू करायची. तुमची ग्रंथी जे द्यायला हवे ते देत नाही, ते ही गोळी भरून काढते. ती बंद करून आयुर्वेदाचा मान वाढत नाही.’ गेली काही वर्षे मी जे पाळते आहे, ते सारे या वाक्यानंतरचे आहे, आणि म्हणून ते या क्रमानेच वाचले जावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत या विकाराचे नाव शोधायला गेले की बहुतेक जण गलगंडाशी येऊन थांबतात. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गळ्याशी लोंबणाऱ्या या सुजेचे वातज, कफज आणि मेदज असे तीन प्रकार सांगितले आहेत. पण गलगंड म्हणजे गळ्यावरची सूज, आणि अवटू ग्रंथीचे काम मंदावलेल्या कितीतरी स्त्रियांचा गळा वरून अगदी नेहमीसारखा दिसतो. तेव्हा या दोन गोष्टी एकच आहेत असे मानणे बरोबर नाही. वैद्यबाईंनी मला गलगंडाऐवजी अग्निमांद्याच्या, म्हणजे मंदावलेल्या पचनशक्तीच्या, अंगाने समजावले. जाठराग्नी मंद झाला की अन्नाचा रस कच्चा राहतो, धातूंचे, म्हणजे रक्त-मांसासारख्या शरीरघटकांचे, अग्नीही मंदावतात, कफ आणि मेद साचत जातात, आणि जडपणा, थंडी, आळस, बद्धकोष्ठ, अंगावरची सूज ही सारी लक्षणे त्याच एका मांद्याची रूपे असतात. हे वर्णन ऐकताना मला माझी डिसेंबरमधली स्थिती ओळीने आठवत गेली. प्रयोगशाळेतील आकड्यांची भाषा आणि ही भाषा वेगळी आहे, पण रोजच्या ताटात काय असावे हे ठरवायला मला ही दुसरी भाषा अधिक उपयोगी पडली.

या आजारात सर्वांत महत्त्वाचे पथ्य कोणते, असे मला विचारले तर मी कोणत्याही भाजीचे नाव घेणार नाही. मी वेळेचे नाव घेईन. लेव्होथायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, पोटात दुसरे काही जाऊ द्यायचे नसते. दुधाचा चहा, कॉफी, सोयाबीनचे पदार्थ, इसबगोल या साऱ्यांमुळे गोळी कमी शोषली जाते; लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या तर तिच्यापासून 4 तास दूर ठेवाव्या लागतात. आता आपल्याकडे आरोग्याचा विचार करणाऱ्या घरांतली सकाळ आठवून पाहा. उठल्याबरोबर कोमट पाण्यात लिंबू-मध, मग तुळस-आल्याचा काढा, मग रात्री भिजवलेले बदाम, त्यातच मध्ये कुठेतरी ही गोळी. मीही पूर्वी तसेच करीत असे आणि गोळी नियमित घेऊनही आकडा हवा तेवढा खाली का येत नाही म्हणून कष्टी होत असे.

वैद्यबाईंनी हे सोडवले ते आयुर्वेदातल्याच एका विचाराने. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात औषध घेण्याचे दहा काळ सांगितले आहेत: जेवणाच्या आरंभी, मध्ये, शेवटी, घासाघासाबरोबर, दोन घासांच्या मध्ये, रात्री झोपताना, असे. त्यांतला पहिला काळ ‘अनन्न’, म्हणजे पोटात अन्न नसताना, आणि तो कफाच्या जोरकस विकारांसाठी सांगितला आहे. ‘तुमचा अनन्न काळ या गोळीला दिला,’ असे त्या म्हणाल्या, ‘आता माझी सगळी औषधे उरलेल्या काळांत बसवू.’ त्याप्रमाणे मी पहाटे सव्वापाचला घोटभर साध्या पाण्याबरोबर गोळी घेते आणि फिरायला बाहेर पडते. साडेसहाला परत आल्यावर चहा. सुंठ घालून उकळलेले पाणी शाळेत न्यायच्या बाटलीत, ते दिवसभर थोडे थोडे. लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर. त्रिफळा रात्री झोपताना, कोमट पाण्याबरोबर. फ्रीजच्या दारावर ही वेळापत्रकाची चिठ्ठी अजून चिकटवलेली आहे; सासूबाईंनी तिच्यात सव्वापाचपुढे स्वतःच्या हाताने ‘उपवासालाही’ असे लिहून ठेवले, कारण पहिल्या एकादशीला मी गोळी घ्यावी की नाही या विचारात पडले होते.

आहाराविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण इथे ऐकीव गोष्टी फार आहेत. गलगंडाच्या पथ्यात जुने धान्य, जव, मूग, पडवळ आणि एकंदरीत रूक्ष व कटू रसाचे अन्न येते. दही, उसाचे पदार्थ, पचायला जड गोड अन्न वर्ज्य. आमच्या साताऱ्याकडे उडदाचे घुटे हा जिवाभावाचा पदार्थ, पण उडीद पचायला जड आणि कफ वाढवणारा, म्हणून तो माझ्या ताटातून जवळजवळ गेला आणि त्याची जागा हुलग्याच्या माडग्याने घेतली. हुलगे, ज्यांना कोकणात कुळीथ म्हणतात, ते उष्ण, कफ आणि मेद कमी करणारे. खमंग भाजून जात्यावर किंवा गिरणीवर दळून आणायचे, दोन चमचे पीठ थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचे, लसूण, जिरे आणि हिरव्या मिरचीची फोडणी करून त्यात पाणी उकळायचे आणि हे कालवण धार धरून सोडत पळीने सतत हलवत राहायचे. उकळी फुटताना त्याला जो मातकट, भाजका वास येतो, त्या वासानेच अंगात ऊब आल्यासारखी वाटते. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी मात्र हुलगे बेताने खावेत, कारण ते पित्त वाढवतात. याच्या जोडीला ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, शेवग्याच्या पाल्याची किंवा शेंगांची भाजी, दुधी, पडवळ, कारले, आणि दुपारी जिरेपूड घातलेले ताजे, पातळ ताक. रात्रीचे जेवण साडेसातच्या आत आणि दुपारच्या निम्मे. माझी बद्धकोष्ठाची तक्रार मुख्यतः या दोन गोष्टींनी, म्हणजे रात्रीच्या लवकर जेवणाने आणि गरम पाण्याने, महिनाभरात सुटू लागली.

कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरीचा पाला या भाज्यांचे नाव घेतले की थायरॉईडच्या रुग्ण स्त्रिया घाबरतात. या भाज्यांतील काही द्रव्ये ग्रंथीला आयोडीन वापरू देत नाहीत हे खरे आहे, पण शिजवल्यावर त्यांचा जोर बराच कमी होतो. आठवड्यातून एकदोनदा शिजवलेली कोबीची भाजी खायला हरकत नाही. कच्च्या कोबीचा रस रोज सकाळी पिणे मात्र टाळावे. बाजरीचे उदाहरण आपल्यासाठी अधिक जवळचे. सुदानमधील दार्फूर भागात, जिथे बाजरी हेच मुख्य अन्न आहे, तिथल्या गलगंडाचा अभ्यास करताना बाजरीतील काही द्रव्ये ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात असे दिसून आले. ज्यांच्या ताटात बारा महिने दोन्ही वेळा बाजरीच असते आणि आयोडीन कमी असते, त्यांच्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. मी थंडीत आठवड्यातून दोनदा बाजरीची भाकरी खाते, आणि भोगीच्या दिवशी तीळ लावलेली भाकरी व भोगीची भाजी न खाण्याचा विचारही माझ्या मनात कधी आला नाही.

मिठाची गोष्ट जरा वेगळी. चरकसंहितेत सर्व मिठांमध्ये सैंधव श्रेष्ठ सांगितले आहे, म्हणून आयुर्वेदाकडे वळल्यावर मी घरातले सगळे मीठ बदलून सैंधव आणले. वैद्यबाईंना हे कळले तेव्हा त्या काळजीत पडल्या. बाजारात मिळणाऱ्या सैंधवात सहसा आयोडीन मिसळलेले नसते, आणि प्रौढ माणसाला रोज 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, जे आपल्याकडच्या बहुतेक घरांना मिठातूनच मिळते. 1956 पासून हिमाचलातील कांग्रा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो अभ्यास केला, त्यात आयोडीनयुक्त मीठ दिलेल्या भागांतील गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटलेले दिसले, आणि 1962 मध्ये देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. माझा स्वतःचा आजार आयोडीनच्या कमतरतेचा नाही, पण घरात वाढत्या वयाची मुले आहेत, माहेरपणाला येणारी गरोदर पुतणी आहे. त्यांचे मीठ माझ्या उत्साहापायी बदलणे योग्य नव्हते. आता स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ, झाकणाच्या बरणीत, आणि सैंधव फक्त ताकात व उपवासाला. याच्या उलट टोकाची चूकही होते: समुद्रशेवाळाच्या गोळ्या किंवा पूड घेऊन आयोडीनचा मारा केला जातो. हाशिमोटोच्या रुग्णाला असे जादा आयोडीन अपाय करू शकते, हे लक्षात ठेवावे.

वनस्पतींपैकी माझ्या वाट्याला आला तो कांचनार गुग्गुळ, तोही तीनच महिने, कारण त्या वेळी ग्रंथी थोडी सुजलेली होती. शार्ङ्गधरसंहितेतला हा कल्प. कांचनाराची साल, त्रिफळा, त्रिकटू, वायवर्णाची साल, वेलदोडा, दालचिनी, तमालपत्र आणि या सर्वांइतका गुग्गुळ, अशी त्याची घडण. हा कांचन म्हणजे आपल्या परिचयाचाच. दसऱ्याला आपट्याच्या नावाने पुष्कळदा याच्याच फांद्या बाजारात विकल्या जातात. सूज पुढे उतरली, पण त्याच काळात गोळीही पुन्हा सुरू झाली होती, म्हणून श्रेय एकट्या गुग्गुळाला देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. गुग्गुळामुळे अवटू ग्रंथीचे काम वाढल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. माणसांतला पुरावा तेवढा भक्कम नाही.

अश्वगंधेविषयी मला सर्वाधिक विचारणा होते. सौम्य स्वरूपाच्या, म्हणजे टी.एस.एच. थोडे वाढलेले पण संप्रेरकांची पातळी अजून ठीक असलेल्या 50 व्यक्तींवर आपल्या देशात एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. रोज 600 मिलिग्रॅम मुळाचा अर्क 8 आठवडे घेतल्यावर टी.एस.एच. उतरले आणि संप्रेरके वाढली. ही आशादायक गोष्ट आहे, पण 50 माणसे आणि 8 आठवडे हे मोजमाप लहान आहे. शिवाय जिच्यामुळे संप्रेरक वाढते ती वनस्पती, आधीच गोळी घेणाऱ्या बाईने डॉक्टरांना न सांगता घेतली, तर छातीत धडधड, हात थरथरणे, झोप उडणे अशी दुसऱ्या टोकाची लक्षणे सुरू होऊ शकतात. काही जणांच्या यकृतालाही अश्वगंधेने त्रास झाल्याची नोंद आहे. माझ्या वैद्यबाईंनी ती मला दिली नाही. ‘तुमची मात्रा नुकती स्थिर झाली आहे, तिला मी हात लावणार नाही,’ एवढेच त्या म्हणाल्या, आणि औषध न देण्याच्या या निर्णयामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास अधिक वाढला. घटक न लिहिलेल्या भस्मांपासून दूर राहावे, हे तर मी माझ्या अनुभवावरूनच सांगेन.

दिनचर्येत माझ्या अंगवळणी पडायला सर्वांत कठीण गेली ती दुपारची झोप सोडणे. शाळेतून आल्यावर डोळे मिटत, आणि उठल्यावर अंग आणखी जड झालेले असे. उन्हाळा सोडून इतर ऋतूंत दिवसा झोपणे कफ वाढवते, असे चरकाचे सांगणे आहे. मी त्या वेळेला अंथरुणाऐवजी खुर्चीत वीस मिनिटे पाठ टेकून बसू लागले. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, हा वाग्भटाचा नियम मला अजिंक्यतारा किल्ल्याच्या चढावर नीट कळला. श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला की थांबायचे, अशी खूण वैद्यबाईंनी दिली होती. पहिल्या आठवड्यात मी चढाच्या पहिल्याच वळणावर थांबत असे. वर दरवाजापर्यंत पोहोचायला मला सात महिने लागले. उटण्याने अंग चोळणे मेद आणि कफ कमी करते, असे ग्रंथांत आहे, पण माझी त्वचा या आजाराने इतकी कोरडी झालेली होती की नुसत्या उटण्याने ती सोलवटली. तेव्हा आधी कोमट तिळाचे तेल मुरवायचे, अर्ध्या तासाने मसूरपीठ, नागरमोथा आणि आंबेहळद यांचे उटणे लावायचे, असा क्रम बसला. उज्जायी प्राणायामाने गळ्याला मोकळेपणा वाटतो. त्याने आकडे बदलतात असा माझा दावा नाही.

तपासण्यांबाबत दोन गोष्टी. मात्रा बदलल्यावर 6 ते 8 आठवड्यांच्या आत पुन्हा तपासून उपयोग नसतो, कारण शरीराला नवा समतोल साधायला तेवढा काळ लागतोच. आणि केसांसाठी म्हणून ज्या गोळ्या घेतल्या जातात त्यांत बायोटिन असते, ज्यामुळे अनेक प्रयोगशाळांतील थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात आणि घेत असल्याचे डॉक्टरांना सांगावे.

माझे टी.एस.एच. गेली तीन वर्षे 2 ते 3 यांच्या दरम्यान आहे. ते तिथे ठेवते ती गोळी, हे मी जाणते. आकडा नीट आल्यावरही जो जडपणा, जी अपचनाची तक्रार, जो सांध्यांचा आखडलेपणा माझ्यापाशी उरला होता, तो माडग्याने, फिरण्याने, लवकरच्या जेवणाने आणि तेलाने गेला, आणि आयुर्वेदाचे माझ्यावरचे हे ऋण मी मनापासून मानते.

गेल्या महिन्यात पुतणीचा फोन आला. तिसरा महिना लागला आहे, तिचीही गोळी चालू आहे, आणि कोणीतरी तिला अश्वगंधा आणि गुग्गुळ दोन्ही सुचवले होते. मी तिला सांगितले की गरोदरपणात ही दोन्ही औषधे घ्यायची नाहीत. पहिल्या तिमाहीत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते आणि गोळीची मात्रा या काळात बहुधा वाढवावी लागते, म्हणून याच आठवड्यात रक्त तपासून डॉक्टरांना भेटायचे. ती दुसऱ्याच दिवशी गेली. मात्रा वाढवून मिळाली. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू झाल्या आहेत, तेव्हा आता फोनवरून आम्ही तिचे वेळापत्रक बसवतो आहोत: पहाटे थायरॉईडची गोळी, दुपारी लोह, रात्री कॅल्शियम. मळमळीमुळे तिला उठल्या उठल्या काहीतरी खावेसे वाटते, म्हणून गोळी पहाटे चारला, एकदा जाग येते तेव्हाच, उशाशी ठेवलेल्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुन्हा झोपायचे, असे सध्या ठरले आहे.